अडचणी : निरंक

आमच्या खात्यात मोकळा रकाना म्हणजे गुन्हा. मी मावळ तालुक्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. सगळ्या नोकरीत बायकांना मी सर्वांत जास्त वेळा काय सांगितलं असेल, तर हेच, की बाई गं, रकाना मोकळा सोडू नकोस. लिहिण्यासारखं काही नसेल तर 'निरंक' लिही. निरंक म्हणजे काही नाही. नवीन जन्म : निरंक. बाहेरगावी गेलेले : निरंक. तक्रारी : निरंक. माझ्याकडच्या सेविकांच्या हाताला हा शब्द इतका बसला होता, की एकीनं स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या यादीत 'आहेर' या शब्दापुढं निरंक लिहिलं होतं. थट्टा नाही, ती यादी मी स्वतः वाचली आहे.

अंगणवाडी म्हटलं की शहरातल्या माणसांना खिचडी आठवते. लोणावळ्याला फिरायला आलेल्या एका बाईंनी मला विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही त्या खिचडीच्या शाळेत असता का?" मी म्हटलं, "हो, आणि चिक्की तुम्हाला पुढच्या चौकात मिळेल." स्वभाव तापट आहे माझा, त्याला इलाज नाही. तर सांगायचं म्हणजे, तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत येतात. एक सेविका असते आणि एक मदतनीस. सेविकेनं शिकवायचं, वजनं घ्यायची, गरोदर बायकांच्या घरी जायचं, रजिस्टरं भरायची. मदतनिसानं मुलांना घरोघरून गोळा करून आणायचं, झाडायचं, खाऊ शिजवायचा. पर्यवेक्षिकेनं, म्हणजे मी, हे सगळं होतंय का ते बघायचं आणि महिन्याच्या अखेरीला अहवाल गोळा करून वर पाठवायचे.

पण मुख्य गोष्ट कुणी विचारत नाही. ती ही, की अंगणवाडी ही त्या मुलाची पहिली शाळा असते, आणि तिथं शिकवणारी बाई बऱ्याचदा स्वतःच फार शिकलेली नसते. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडच्या निम्म्या बायका सातवीपर्यंतच्या. अडाणी नव्हत्या हं! कुठल्या पोराला घरी सावत्र वागणूक आहे, कुणाच्या घरात सकाळी चूल पेटली नाही, हे त्यांना पोराच्या चालण्यावरून कळायचं. फक्त ते कागदावर कसं मांडायचं, त्याला काय म्हणतात आणि पुढं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मग हळूहळू नियम आले. दहावी हवी, बारावी हवी, बालशिक्षणाचा वर्षभराचा अभ्यासक्रम हवा. आणि या बायकांना घरातून ओढून अभ्यासाला बसवायचं काम आलं माझ्याकडं.

"म्याडम, ह्या वयात आता मला काय कलेक्टर हुयाचंय?" हे वाक्य मी किमान वीस जणींच्या तोंडून ऐकलं असेल. बेगडेवाडीच्या एक सेविका दहावीचं इंग्रजी स्टेशनच्या बाकावर बसून मोठ्यानं वाचायच्या, कारण घरी सून हसायची. कंपनीत जाणारी पोरं गाडीची वाट बघताना त्यांचे उच्चार सुधारायची. निकालाच्या दिवशी पेढे घरी वाटायच्या आधी त्यांनी फलाटावर वाटले. कुसगावच्या एकीचं वेगळंच. तिच्या घरच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्यानं जायच्या, त्यामुळं शनिवार-रविवारी ती पुस्तक उघडायची ते न्हाणीघराच्या दाराशी, पाव्हण्यांचं पाणी तापेपर्यंत. या बायकांबद्दल मला इतकं कौतुक वाटतं की मी बोलायला लागले की थांबत नाही, घरचे वैतागतात.

पण आज सांगायचंय ते सुलोचनाबद्दल.

नवलाख उंबरे गावाच्या पुढं एक वाडी आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, का ते पुढं कळेल. तिथल्या अंगणवाडीत सुलोचना मदतनीस होती. चाळिशीच्या आतली, उंच, आवाज पुरुषासारखा भारदस्त, पण पोरांशी बोलताना तोच आवाज असा काही खाली यायचा की रडणारं पोर गप्प व्हायचं. तिथल्या सेविका शांतामावशी निवृत्तीला आलेल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला त्या सरळ सांगायच्या, "म्याडम, मी आपली नावाला हाय. समदं सुलीच करती." खरं म्हणजे मी यावर कागद करायला हवा होता. मी केला नाही, कारण मुलं छान शिकत होती.

कशी शिकत होती ते सांगते. आजूबाजूला सगळे कारखाने. तिथला टाकाऊ माल सुलोचना पोत्यात भरून आणायची, म्हणजे पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लॅस्टिकची टोपणं, पॅकिंगचे मऊ ठोकळे. सगळं धुवून, कडा घासून. पोरं टोपणं रंगाप्रमाणं लावायची, नळ्या उंचीप्रमाणं. एकदा एक अधिकारी भेटीला आले आणि म्हणाले, "हे भंगार इथं का ठेवलंय?" सुलोचना म्हणाली, "सायेब, ते गणित हाय." साहेबांना काही सुधरेना. मला मात्र हसू आवरेना, मी रजिस्टरात तोंड घातलं.

सुलोचना माहेरी दहावी झालेली. लग्नानंतर शाळा सुटली. माझ्या मागं लागण्यामुळं म्हणा किंवा स्वतःच्या जिद्दीनं म्हणा, तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून, बारावी दिली. इंग्रजीत एकदा गचकली, दुसऱ्यांदा निघाली. मग शांतामावशींच्या निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा तिनं मला गाठलं. त्या जागेसाठी गावातली एक बी.ए. झालेली सून अर्ज करणार होती. मुलगी चांगली होती, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गुणांच्या यादीत ती वर जाणार हे उघड होतं. सुलोचना तिच्या पुढं जाऊ शकत होती ते एकाच वाटेनं, बालशिक्षणाचा अभ्यासक्रम चांगल्या गुणांनी पास झाली तर.

"म्याडम, कोर्स पास झाले तर पोरं माझ्याकडं ऱ्हातील ना?"

"राहतील."

"आन न्हाई झाले तर?"

"तर आत्ता करतेस तेच. झाडायचं, शिजवायचं, आणि नवीन बाई सांगतील तसं वागायचं."

"झाडायचं काय न्हाई वो, ते मी करीनच. पन त्या बाई भंगार बाहेर टाकत्याल." एवढं बोलून तिनं डोळे पुसले. मी तिचा फॉर्म त्याच दिवशी भरून घेतला.

वर्ग कुसगावच्या एका शाळेत, मंगळवारी भरायचा. आधी शनिवार ठरला होता, पण शनिवारी लोणावळ्याच्या बाजूला गाड्यांची अशी रांग लागते की अर्ध्या बायका रस्त्यातच अडकायच्या आणि उरलेल्या घरच्या पाव्हण्यांत. शिकवायला पुण्याहून निशाताई यायच्या. वय अठ्ठावीस, पायात बूट, पाठीला पिशवी, आणि आल्या आल्या खुर्ची बाजूला सारून जमिनीवर बसायच्या. मला पहिल्या दिवशी त्या अजिबात आवडल्या नाहीत. माझ्या नोकरीइतकंही त्यांचं वय नाही, असं मी मनात म्हटलं, आणि घरी जाऊन मोठ्यानंही म्हटलं.

त्या अभ्यासक्रमात लेखी पेपर होता, पण खरा भार होता निरीक्षण वहीवर. प्रत्येकीनं आपल्या अंगणवाडीतलं एक मूल निवडायचं. दर आठवड्याला अर्धा तास त्या मुलाजवळ बसायचं, काही शिकवायचं नाही, टोकायचं नाही, नुसतं बघायचं आणि बघितलं ते लिहायचं. शेवटी बाहेरच्या परीक्षक येणार, वही वाचणार आणि प्रश्न विचारणार. वही पास नाही तर प्रमाणपत्र नाही.

दोन महिने झाले. एका मंगळवारी मी वर्गाला भेट द्यायला गेले तर निशाताईंनी वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. "मॅडम, जरा तुम्हीच वाचा."

मी पहिली वही उघडली. 'मूल हसतमुख आहे. मूल गटात मिसळते. मूल खाऊ आवडीने खाते. अडचणी : निरंक.' पुढचा आठवडा, तेच. दुसरी वही, तेच. तिसरीत तर प्रत्येक पानावर अंगणवाडीचा गोल शिक्का. चौथीनं शेवटी लिहिलं होतं, 'मा. पर्यवेक्षिका यांच्या माहितीस्तव सविनय सादर.' मला हसू फुटलं. अहो, किती सुंदर अक्षर, किती नीट आखलेले रकाने, आणि त्यात त्या मुलाचं एक नख देखील दिसत नव्हतं!

निशाताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "यांना बघता येतं, मॅडम. वर्गात बोलताना मुलांबद्दल इतकं बारीक सांगतात की मीच लिहून घेते. पण वहीत लिहायला घाबरतात. ही भीती कुठून आली?"

मला राग आला. मी म्हटलं, "तुम्हाला काय ठाऊक, यांच्यामागं किती रजिस्टरं असतात! त्यात आता मोबाईलवरचं ॲप. एक ओळ वेगळी लिहिली की वरून पत्र येतं. नाव काय, वय काय, काय कार्यवाही केली, तीन प्रतींत कळवा. तुम्ही मंगळवारी येता आणि वर्ग संपला की पुण्याला जाता." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यानं मला जास्तच चिडायला झालं.

मग त्यांनी सुलोचनाला बोलावलं. तिनं आरोही नावाची मुलगी निवडली होती. आठ आठवड्यांचं आठ वेळा निरंक. निशाताई म्हणाल्या, "सुलोचनाताई, ही वही मला घेता येणार नाही. अशीच राहिली तर परीक्षक नापास करतील. अजून वेळ आहे. पुन्हा लिहा." सुलोचनाचा चेहरा पडला. वही छातीशी धरून ती बाकावर जाऊन बसली, आणि वर्ग संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

परतीला आम्ही दोघी लोणावळा स्टेशनवर. दुपारची लोकल बराच वेळ नसते. चहा घेतला, बाकावर बसलो. तिची समजूत काढावी म्हणून मी म्हटलं, "अगं, एवढं काय त्यात? ती आरोही कशी आहे ते सरळ लिहायचं. आनंदी आहे ना पोर?"

"हाय की आनंदी. पन तिला ऐकू येत न्हाई."

"काय?"

"धड ऐकू येत न्हाई तिला. म्या लिवलतं की म्याडम. दीड वरीस झालं. तुमीच खोडाया लावलं."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही. पाऊस थांबला, असं सांगावं तसं बोलली. आणि खरं सांगते, मला ते आठवतच नव्हतं. मी म्हटलं, "छे, मी कशाला असं सांगेन?" ती म्हणाली, "असू द्या. तुमची गडबड हुती तवा."

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्या उघडल्या मी जुन्या अहवालांची फाईल काढली. त्या वाडीचा तो महिना सापडला. 'अडचणी' या रकान्यात पांढऱ्या शाईचा पट्टा, त्यावर सुलोचनाच्या अक्षरात निरंक. आमच्याकडं कागदावर खाडाखोड केली की तिच्यापुढं पर्यवेक्षिकेची सही लागते. सही माझी होती, पूर्ण, अगदी तारखेसकट. कागद उजेडाकडं धरला तर पांढऱ्या पट्ट्याखालची ओळ अजून वाचता येत होती. 'एक मूल मागून हाक मारली तर बघत नाही.'

मग सगळं आठवलं. चारच्या आत अहवाल द्यायचे होते आणि मी वाडीवाडीवरून ते गोळा करत फिरत होते. तिची ती ओळ बघून मी म्हणाले होते, "डॉक्टर आहेस का तू? तपासणीची गाडी येते ना, ते बघतील. खोड ते आणि निरंक लिही." तपासणीची गाडी आली तेव्हा आरोही आजोळी होती. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तिचे दात बघितले, वजन बघितलं, ती गोड हसली, झालं. दीड वर्ष गेलं. मला स्वतःची फार लाज वाटली.

पहिलं काम पहिलं. त्या आठवड्यात आरोहीला, तिच्या आईला आणि सुलोचनाला घेऊन मी पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. तपासणी झाली. दोन्ही कानांना कमी ऐकू येतं, मशीन लावलं तर फरक पडेल, पण आधी आणली असती तर बोलणं आणखी लवकर सुधारलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्या. आरोहीचे आईवडील दोघंही कंपनीत कामाला, पोर दिवसभर आजीजवळ. आजीला स्वतःलाच कमी ऐकू येतं, ती मोठ्यानं बोलते, त्यामुळं घरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आई रडत म्हणाली, "अंगणवाडीत बी कुनाला कळलं न्हाई का वो?"

सुलोचनानं माझ्याकडं पाहिलं आणि ती गप्प राहिली. मीही गप्प राहिले. त्या आईला खरं सांगायला हवं होतं, तिथंच, त्याच क्षणी. मी सांगितलं नाही. नोकरीतल्या पुष्कळ चुका मी विसरले असेन, ही विसरू शकत नाही.

येताना सुलोचनानं विचारलं, "म्याडम, वहीत आता काय लिवू? ह्या आठवड्यापासून लिवू का पैल्यापासून? म्या तिला दोन वर्सं बघती हाय. समदं याद हाय."

माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. तोवर माझ्या नावावर एक डाग नव्हता. क्षणभर मनात आलं की म्हणावं, या आठवड्यापासूनच लिही, जुनं कशाला उगाळायचं? निशाताईंनी तेवढंही चालवून घेतलं असतं कदाचित. पण सुलोचना माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मी सांगेन तसं ती करणार होती. आत्तापर्यंत तेच तर झालं होतं.

"सगळं लिही," मी म्हटलं. "पहिल्यापासून. कुणाला वाचवू नकोस."

"कुनालाच न्हाई?"

"कुणालाच नाही."

चार महिन्यांत तिनं दोन वह्या भरल्या. त्यातलं थोडं मला पाठ आहे, कारण मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. 'पातेल्याचे झाकण वाजले की सगळी मुले पळतात. आरोही पण पळते, पण दुसरी मुले पळाल्यावर.' 'गाणे म्हणताना ती माझ्या तोंडाकडे बघते. मी पाठ फिरवली की तिचे गाणे थांबते.' 'आज मी तिच्या मागे उभी राहून टाळी वाजवली. तिने टोपणे लावणे चालू ठेवले. मग मी पाय आपटला. तेव्हा तिने वळून पाहिले. जमीन हलली म्हणून.' बारावीला इंग्रजीत गचकलेल्या बाईचं हे लिखाण! कुणी शिकवलं होतं तिला असं बघायला? कुणीच नाही. त्या अभ्यासक्रमानं तिला एवढंच सांगितलं, की बाई, तू बघतेस ते ज्ञान आहे, ते लिही. बस. तेवढंच तिला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्यांनी सांगायचं त्यांत मी पहिली होते.

मशीन लागल्यावरची नोंद तर अशी होती, 'आज पावसाचा पत्र्यावर आवाज झाला. आरोही घाबरून माझ्याजवळ आली. मी तिला दाराशी नेऊन पाऊस दाखवला. नंतर ती पत्र्याकडे बोट करून हसत होती.' हे वाचताना माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली!

परीक्षेचा दिवस आला. परीक्षक म्हणून बाहेरगावच्या एक बाई आल्या होत्या, साठीच्या, कडक इस्त्रीची साडी, चष्मा दोरीला. वर्गात सगळ्या जणी भिंतीकडेनं बसलेल्या, मी आणि इतर पर्यवेक्षिका मागं. प्रत्येकीची वही बाई चाळायच्या, दोन प्रश्न विचारायच्या. सुलोचनाच्या वहीशी त्या थांबल्या. पानं उलटेनात. मग चष्मा सावरून मोठ्यानं वाचायला लागल्या. 'मी महिन्याच्या अहवालात लिहिले होते. मॅडम म्हणाल्या, डॉक्टर आहेस का तू. मी खोडले. त्यानंतर दीड वर्षे मी कोणाला सांगितले नाही. ही माझीही चूक आहे.'

बाईंनी विचारलं, "या मॅडम कोण?"

सुलोचना उभी होती. सगळ्या खोलीला उत्तर ठाऊक होतं, आणि सगळ्या जमिनीकडं बघत होत्या. तिच्या जागेच्या अर्जावर शिफारस माझी लागणार होती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा आवाज नेहमीसारखाच भारदस्त निघाला. "लिवलंय ते खरं हाय बाई. पन नाव इचारू नका."

"का विचारू नको? उद्या कुणीही काहीही लिहील. ही नोंद खरी की रचलेली, हे मी कशावरून ठरवू?"

सुलोचनानं वही घट्ट धरली. "मग नापास करा. पन नाव मी घेनार न्हाई. त्यांनीच मला हितं आणलंय."

आता मला सांगा, यावर कुणी बसून राहील? मी उठले. "बाई, त्या मॅडम मी. त्या अहवालावर माझी सही आहे. कागद ऑफिसात आहे, हवा असेल तर उद्या आणून देते. तिनं लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे."

परीक्षक बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "बसा." मग वहीवर गुण लिहिले, आणि लिहिताना सुलोचनाला म्हणाल्या, "तुमच्या या दोन्ही वह्यांची प्रत मला मिळेल का? माझ्या विद्यार्थिनींना वाचून दाखवायचीय." सुलोचना घाबरून म्हणाली, "पन अक्षर लय चांगलं न्हाई वो बाई."

त्याच संध्याकाळी मी आरोहीच्या घरी गेले आणि तिच्या आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चा ठिवती." चहा झाला, मी प्यायले. तिनं मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही, आणि विचारायचा मला हक्कही नाही. आरोही आता शाळेत जाते. मला बघितलं की काही तरी मोठ्यानं सांगते, सगळंच कळतं असं नाही, पण सांगते खूप.

माझ्याकडं खुलासा मागितला गेला. मी दोन पानी दिला, काही न लपवता. त्याचं पुढं काहीच झालं नाही, हेही आमच्या खात्याच्या रीतीला धरूनच झालं. गुणांची यादी लागली तेव्हा सुलोचनाचं नाव वर होतं. शांतामावशींनी निवृत्तीच्या दिवशी किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घे, आता नावाला बी तूच." त्या बी.ए. झालेल्या सूनबाईंनी मदतनिसाच्या जागेसाठी अर्ज केला आणि त्या आल्याही. भंगार आपलं आहे तिथंच आहे, वाढलंय उलट.

पुढच्या वर्षी निशाताईंनी नवीन वर्ग काढला आणि फोन करून म्हणाल्या, "मॅडम, या वेळी पर्यवेक्षिकांसाठीही जागा आहेत. कुणी येईल का?" मी म्हटलं, "एकीचं नाव लिहून घ्या." माझं वय तेव्हा छप्पन्न. नवऱ्यानं विचारलं, "आता काय कलेक्टर व्हायचंय का?" त्याला मी जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

मी मुलगा निवडला तो सुलोचनाच्याच अंगणवाडीतला. चार आठवड्यांची निरीक्षणं लिहिली. भाषा म्हणाल तर कशी! उपमा, विरामचिन्हं, सगळं जागच्या जागी. नव्या वर्गात वह्या आधी जुन्या विद्यार्थिनी तपासायच्या, मग निशाताई. माझी वही कुणाकडं गेली असेल ते सांगायला नको. मंगळवारी ती परत आली. आत लाल शाईत, गोल गोल, जरासं उजवीकडं झुकलेलं अक्षर होतं.

'मॅडम, तुम्ही छान लिहिले आहे. पण हे खुर्चीवर बसून लिहिलेले वाटते. मुलाजवळ खाली बसावे. अर्धा तास. पुन्हा लिहून आणणे.' आणि खाली तिची सही, पूर्ण, तारखेसकट.

माझे गुडघे धरतात हे तिला चांगलं माहीत आहे. मी दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिच्या अंगणवाडीत गेले. तिनं नेहमीप्रमाणं "या म्याडम" म्हटलं, पण खुर्ची काही पुढं केली नाही. भिंतीला हात टेकून मी हळूच खाली बसले.